शून्य उंचीचा चौकोन

नकाशात नाही म्हणजे जागेवर नाही, असं मला ज्या माणसाने पंचायतीच्या कचेरीत खुर्चीत रेलून सांगितलं, तो माणूस रोज सकाळी त्याच जागेच्या कडेने मोटारसायकल घालून कचेरीत येत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझा आवाज चढलेला वाटेल आणि वाचणारा म्हणेल, बाई जरा तापटच दिसते. आहेच मी तापट. याबाबत माझ्या माहेरचं आणि सासरचं एकमत आहे, आणि ही दोन घरं दुसऱ्या कशावरही एकमत होणारी नाहीत.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, साताऱ्याच्या शिवेलगत. बाजार कडेगावला, मोठा दवाखाना कऱ्हाडला, देवी औंधची. एकेकाळी सगळी मेंढरांमागे फिरणारी माणसं. मग पाणी आलं, ऊस आला, आणि उसाच्या पाठोपाठ पेव्हिंग ब्लॉक आले. हल्ली आमच्याकडे कुणालाही विकास करायचा झाला की तो आधी जमीन झाकतो. देवळापुढे ब्लॉक, शाळेपुढे ब्लॉक, पाराभोवती ब्लॉक. पावसाचं पाणी जायचं कुठे हे कुणी विचारत नाही, पण उद्घाटनाला कुणाचा फोटो फ्लेक्सवर मोठा घ्यायचा यावर आठवडाभर बैठका होतात.

गावाच्या खालच्या अंगाला शाळा आहे. शाळेच्या मागच्या भिंतीपासून ओढ्यापर्यंत एक लांबट मोकळी पट्टी आहे. बाभळी, घाणेरीची झुडपं, आणि मधून मधून दगडांचे लहान ढीग. दात यायच्या आधी जी लेकरं जातात त्यांना आमच्याकडे जाळत नाहीत, मातीत ठेवतात, ती या पट्टीत. घरातले दोघं-तिघं पुरुष जातात. खड्डा घेतात, वर दगड रचतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काटेरी फांद्या टाकतात आणि घरी येऊन अंघोळ करतात. आईला नेत नाहीत. तिला नेमकी जागा सांगतही नाहीत. सांगितली तर ती तिथेच जाऊन बसेल, घरादाराकडे बघणार नाही, असं म्हणायची रीत आहे. त्या पट्टीला नावसुद्धा नाही. बोलायची वेळ आलीच तर 'तिकडं' म्हणायचं आणि मान जराशी ओढ्याकडे वळवायची.

माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना अक्का म्हणते, त्यांची पहिली मुलगी तिकडं आहे. बारसं व्हायच्या आतच गेली. मी या घरात यायच्या पुष्कळ आधीची गोष्ट. पुढे त्यांना दोन मुलगे झाले, मोठे झाले, एक फौजेत भरती झाला. त्या मुलीचा विषय घरात कधी निघाला नाही. मला कळलं ते चपलांवरून. आमच्या उसाच्या रानात जायची वाट त्या पट्टीच्या कडेने जाते. पट्टी लागली की अक्का चपला काढून हातात घ्यायच्या आणि ओढा ओलांडला की पुन्हा पायात घालायच्या. मी नवी नवरी, मला वाटलं चप्पल चावत असेल. तसं विचारलं, तर म्हणाल्या, पायाला बरं वाटतं. संध्याकाळी सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं आणि वर बजावलं की पुन्हा विचारायचं नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

अशी ती पट्टी. आणि एक दिवस पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला: ओढाकाठ सुशोभीकरण. शाळेच्या भिंतीपासून ओढ्यापर्यंतचं संपूर्ण क्षेत्र यंत्राने सपाट करून ब्लॉक बसवायचे. त्यावर ओपन जिम, बसायला बाकडी आणि फोटो काढून घ्यायला गावाच्या नावाची पुरुषभर उंच लाल अक्षरं. खाली रंगीत नकाशा. शाळा करडी, ओढा निळा, टाकी, देऊळ, विहीर, सगळं जागच्या जागी. अक्का शाळेत तिसरीपर्यंत गेलेल्या. त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला आणि घरी येऊन मला एवढंच विचारलं, "आपली वाट हाय का गं त्यात?"

वाटेबद्दल त्या विचारत नव्हत्या, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी तडक फळ्यापाशी गेले. वाट होती. पट्टी नव्हती. नकाशात ओढा शाळेच्या भिंतीला येऊन जवळजवळ चिकटला होता, मधल्या फटीत जिम आणि बाकडी कोंबलेली. प्रत्यक्षात त्या दोघांच्या मधे आख्खा कळप बसेल. आणि या गावात मेंढरांच्या कळपाला किती जागा लागते हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी त्या कागदासमोर उभं राहून चार माणसं जिममध्ये कुठली कुठली यंत्रं येणार यावर चर्चा करत होती.

ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. हे भाऊसाहेब नवीन, बदलून आलेले, वयाने माझ्यापेक्षा लहान. मी त्यांना विचारलं की ओढ्याअलीकडची जागा नकाशात का नाही. त्यांनी खुर्चीत रेलून ते वाक्य ऐकवलं. नकाशा त्यांच्याकडे आधीपासून तयार होता, त्यांनी फक्त नव्या कामांची भर घातली, जुन्या नकाशात काही असतं तर दिसलंच असतं. मी म्हटलं, चला, दोन मिनिटांवर आहे, दाखवते. ते म्हणाले, मॅडम, प्रत्यक्ष पाहणी झालेली आहे. शेजारी सरपंच बसले होते. म्हणजे सरपंच बाई आहेत, बसलेले होते ते त्यांचे मिस्टर. आमच्याकडे बाईच्या नावाने निवडून येतात आणि मिस्टर खुर्चीत बसतात, याची कुणाला आता लाजही वाटत नाही. ते मला म्हणाले, वहिनी, मोकळीच तर जागा आहे, पडूनच होती इतकी वर्षं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तिथे बोलायचं काय आणि कोणत्या शब्दांत, तेच मला सुचेना. ज्या जागेला नाव नाही तिच्यासाठी भांडायचं कसं?

त्याच दुपारी भाऊसाहेबांनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नकाशा टाकला. छापायचा कागद करून टाकायच्या ऐवजी घाईघाईत मूळ फाइलच टाकली. मोबाइलवर ती कुणाला धड उघडेना. तरी लोकांनी हात जोडलेली चित्रं आणि अभिनंदनाचे फुगे पाठवले. मी ती फाइल जपून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेले.

मी कऱ्हाडजवळच्या मलकापूरला एका खतं-बियाण्यांच्या गोदामात हिशेब आणि साठ्याचं काम बघते. मालक सांगलीकडचे जैन, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पोत्यांच्या थप्प्या कुठे लागल्या आहेत याचा नकाशा आम्हीसुद्धा तसाच करतो: हिशेबाच्याच सॉफ्टवेअरमध्ये, रकान्यांच्या जाळीवर चौकोन काढून. एक चौकोन म्हणजे एक थप्पी. हा प्रकार चुकीचा आहे हे मला मान्य आहे. नकाशे काढायला वेगळी साधनं असतात. पण आमच्या भागात गोदामापासून पंचायतीपर्यंत आणि लग्नाच्या पंगतीपासून उसाच्या तोडणीच्या पाळ्यांपर्यंत जे काही कागदावर आणायचं ते त्याच जाळीवर आणतात, कारण प्रत्येकाला तेवढंच शिकवलेलं असतं.

त्यात एक खोड आहे. चौकोन जाळीवर ठेवला की तो खालच्या ओळींना बांधलेला असतो. ओळ उंच केली की चौकोन उंच होतो, ओळ दाबली की तोही दबतो, आणि ओळी झाकून टाकल्या की चौकोनाची उंची शून्य होते. पुसला जात नाही. फाइलमध्ये असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आमच्या गोदामात अशीच युरियाची एक आख्खी थप्पी एकदा नकाशातून गेली होती आणि हमाल तिच्यावर बसून जेवत असताना आम्ही ती शोधत होतो. तेव्हा अण्णांनी मला सांगितलं की चित्राला विचारू नकोस, प्रत्येक चौकोनाला वेगवेगळं विचार. म्हणून मी मॅक्रो शिकले. मॅक्रो म्हणजे काही जादू नव्हे. तेच तेच काम एकदा सॉफ्टवेअरला ओळीने लिहून द्यायचं, मग आपण चहा घेईपर्यंत ते करून ठेवतं. माझा मॅक्रो पानावरच्या प्रत्येक आकाराजवळ जातो आणि विचारतो: तुझं नाव काय, डावीकडून किती अंतरावर आहेस, वरून किती, रुंदी किती, उंची किती, रंग कोणता, पोटात काय लिहिलंय, दिसायला ठेवलाय की झाकलाय, खालच्या ओळींबरोबर हलतोस का. आणि उत्तरं एकाखाली एक मांडतो.

जेवणाच्या सुट्टीत मी गावाची फाइल उघडली आणि मॅक्रो चालवला. उत्तरं आली. शाळा, देऊळ, टाकी, विहीर, स्मशानशेड, प्रत्येक आकाराच्या पोटात त्याचं त्याचं नाव. नव्याने घातलेली जिम आणि बाकडीही होती. आणि एक आकार असा, ज्याच्या पोटात काहीच लिहिलेलं नाही. रंग हिरवा. रुंदी शाळेच्या भिंतीएवढी. उंची शून्य. आणि दिसतो का, या प्रश्नाला सॉफ्टवेअरचं उत्तर: हो.

ते 'हो' वाचून मी डबा बाजूला सारला. मग झाकलेल्या ओळी शोधल्या आणि उघडल्या. ओढा शाळेच्या भिंतीपासून सुटला आणि सरकत सरकत आपल्या जागेवर गेला, आणि मधे ती पट्टी उघडी झाली. हिरवी, लांबट, खालच्या टोकाला जराशी तिरकी, अगदी जशी आहे तशी. ज्याने कुणी ती पहिल्यांदा काढली त्याने ती पायाखाली घालून बघितली होती, कचेरीत बसून काढली नव्हती.

तो पहिला नकाशा आधीच्या भाऊसाहेबांचा. ते आता निवृत्त झाले. संध्याकाळी घरी मी हे सांगितलं तेव्हा थोरले भावजी, म्हणजे अक्कांचे मालक, जेवत होते. ते ताटातून मान वर न करता म्हणाले की जुने भाऊसाहेब मापं घ्यायला आले तेव्हा गावातले काही जण त्यांच्याबरोबर फिरले होते, ते स्वतःही होते. सगळ्या जागांची नावं त्यांनी विचारून विचारून लिहिली. ओढ्यापाशी आल्यावर हितं काय लिहू म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की काही लिहू नका, नुसती जागा धरा. त्या माणसाने तसंच केलं. अक्का तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्यांनी ती उलटली, भाजली आणि ताटात टाकली.

म्हणजे झालं होतं ते असं. गावाने त्या जागेवर अक्षर लिहायचं नाही म्हटलं. नवे भाऊसाहेब आले, वरून सांगितलं असणार की प्रस्ताव एका पानावर पाहिजे, पान काही केल्या बसेना, तेव्हा त्यांनी ज्या ओळींत काही लिहिलेलं नाही त्या झाकून टाकल्या. बसलं पान! त्यांना कुणाचं वाईट करायचं होतं असं मी म्हणत नाही. माझा संताप त्याहून मोठा आहे. ज्यावर काही लिहिलेलं नाही ते काही नाहीच, असं धरून चालणारी ही माणसं आहेत आणि त्यांच्या हातात यंत्रं आहेत. कागद चुकला तर कागद दुरुस्त करायचा की गाव? आमच्याकडे गाव दुरुस्त करतात.

मी लॅपटॉप घेऊन पुन्हा कचेरीत गेले. ओळी झाकून दाखवल्या, उघडून दाखवल्या, मॅक्रोने दिलेली उत्तरं दाखवली. भाऊसाहेबांनी बघितलं, अगदी नीट बघितलं, कारण तेवढी चलाखी त्यांच्याकडे होती. आणि मग म्हणाले, "पण मॅडम, शून्य उंचीचा आकार म्हणजे आकार नाहीच ना. आणि नावही नाही त्याला. मी कशाच्या नावाने सोडू जागा?"

मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे कशाच्या. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सरपंचांच्या मिस्टरांनी पाण्याची बाटली उचलून घोट घेतला. त्यांनाही माहीत होतं. त्यांच्या घरचंही कुणी ना कुणी तिकडं असणारच. पण ते म्हणाले की मंजुरी आलेली आहे, यंत्र ठरलेलं आहे, ग्रामसभा होऊ द्या, तिथे मांडा. आणि वहिनी, जिममध्ये बायकांनाही व्यायाम करता येईल, तुमच्यासाठीच चाललंय सगळं. मी लॅपटॉप फाडकन मिटला. तो माझा नव्हता, अण्णांचा होता, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

ग्रामसभा शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. एरवी तिला गर्दी नसते; त्या दिवशी होती. पुरुष बाकांवर, आम्ही बायका मागे सतरंजीवर. पुढे सरपंचबाई, शेजारी त्यांचे मिस्टर, भाऊसाहेब आणि तालुक्याहून आलेले इंजिनिअर साहेब. मी लॅपटॉप शाळेच्या टीव्हीला जोडला आणि काही न बोलता झाकलेल्या ओळी उघडल्या. ओढा सरकला, हिरवी पट्टी उघडी झाली. मी म्हटलं, हा चौकोन जुन्या भाऊसाहेबांनी गावाला विचारून काढलाय, तो नकाशात होता आणि आहे, फक्त झाकलाय. एवढं बोलून मी बाजूला झाले.

इंजिनिअर साहेब बाहेरचे. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, काय आहे तिथे? भाऊसाहेबांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांचा चेहरा जरा उतरला, हे मी कबूल करते. पण मग त्यांनी चष्मा पुसला आणि तोडगा काढला. म्हणाले, सगळी पट्टी सोडायची गरज नाही. ज्यांचं ज्यांचं असेल त्यांनी नेमकं ठिकाण दाखवा, तेवढी तेवढी जागा सोडून आपण ब्लॉक बसवू, वाटल्यास भोवती छोटा कट्टा करू.

नेमकं ठिकाण! जागा माहीत असलेले पुरुष समोर बाकांवर बसले होते. कुणी नखं बघत होतं, कुणी टीव्हीकडे. कित्येकांना आठवतही नसेल. दगड हलले, बाभळी तुटल्या, नव्या उगवल्या. आणि ज्यांना आठवत होतं ते बोलत नव्हते, कारण बोलायचं नसतं. मी थोरल्या भावजींकडे बघितलं. ते आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होते. भाऊसाहेबांनी लगेच वही पुढे ओढली आणि विचारलं की कुणी सांगणार नसेल तर मग कुणाची हरकत नाही असं लिहू का. त्यांचा पेन टेकायच्या आत अक्का सतरंजीवरून उठल्या.

मी त्यांना चारचौघांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गुडघ्याला हात लावून उठल्या, पदर सारखा केला आणि बाकांच्या मधून पुढे न जाता आहे तिथूनच बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

"तिथं माझी पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "सायेब म्हणत्यात नेमकी जागा दावा. मी कुठली दावू? मला कवाच कुणी दावली न्हाई. दावली असती तर मी तेवढीच मागितली असती. दावली न्हाई, म्हणून मला समदी लागती."

एवढंच. आणि त्या खाली बसल्या. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईने अक्कांचा हात धरला आणि तो सोडलाच नाही. आणखी पलीकडे कुणीतरी पदर तोंडाला लावला. साहेबांनी पुन्हा चष्मा काढला, पण पुसला नाही. सरपंचांच्या मिस्टरांनी घसा साफ केला आणि समजुतीच्या सुरात सुरुवात केली की भावना आम्ही समजू शकतो, पण निधी परत जाईल.

तेव्हा सरपंचबाई पहिल्यांदा बोलल्या. त्या निवडून आल्यापासून मी त्यांना फक्त सही करताना बघितलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे न बघता भाऊसाहेबांना सांगितलं की ब्लॉक शाळेच्या भिंतीपाशी थांबवायचे, पुढे एक बसवायचा नाही, आणि तसं लिहा. मिस्टर काहीतरी पुटपुटले. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या निधी." भाऊसाहेबांनी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं की नकाशातल्या त्या चौकोनात आता काय लिहायचं. मी बायकांकडे बघितलं. कुणीच काही सांगितलं नाही, म्हणून मी तो रिकामाच ठेवला. फक्त त्याची गाठ खालच्या ओळींपासून सोडवली, म्हणजे यापुढे ओळी कुणी झाकल्या तरी तो जागचा हलणार नाही आणि दबणारही नाही. भाऊसाहेबांना ते शिकवलं. त्यांनी वहीत टिपून घेतलं, ते मात्र मन लावून.

माझा राग त्याने गेला नाही. आजही गेलेला नाही. ज्या बाईने सगळं आयुष्य तोंड मिटून काढलं तिला भर वर्गात उभं राहून ते सांगायला लागलं, का तर एका माणसाला पान बसवता येत नव्हतं. आणि जे पुरुष दगड रचून आले होते ते तिच्या पुढे बसून होते, पाठ करून. त्यांतला एक आमच्या घरचा होता. रीत म्हणून इतकी वर्षं गप्प बसलात, ठीक आहे. पण यंत्र दारात आल्यावरही? मला त्या दिवशी भाऊसाहेबांपेक्षा भावजींचा जास्त राग आला, आणि तो मी त्यांना पुढे बोलूनही दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं.

पण तो पुढचा भाग. त्या दिवशी सभा संपली तेव्हा ऊन अजून होतं. रानात वैरण काढायची राहिली होती म्हणून आम्ही तिघं शाळेच्या मागूनच निघालो. भावजी पुढे, अक्का त्यांच्या मागे, मी शेवटी लॅपटॉपची पिशवी काखेत धरून. पट्टीच्या मध्यावर आल्यावर भावजी थांबले. मग त्यांनी आमच्याकडे न वळता उजवा हात उचलला, ओढ्याच्या बाजूला, आणि म्हणाले, "ती दुसरी बाभळ हाय न्हवं, तिच्या…"

"नगा दावू," अक्का म्हणाल्या. "आता समदीच ऱ्हाऊ द्या."

भावजींनी हात खाली घेतला.